‘द होल नाइन यार्ड्स’ आणि आपली नऊवारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘द होल नाइन यार्ड्स’ म्हणजे नक्की काय?

म्हणजे सगळंच्या सगळं. काही हातचं न राखता, जेवढं म्हणून असतं तेवढं सगळं. समजा कोणाच्या लग्नात साखरपुडा, मेंदी, हळद, संगीत, घोडा, बँड, ड्रोनवाला फोटोग्राफर आणि वर परत मुलाकडच्यांचे मानपान असं सगळं झालं, तर अमेरिकन माणूस म्हणेल ‘दे डिड द होल नाइन यार्ड्स’ आणि आपण म्हणू लग्न अगदी साग्रसंगीत झालं. यातले यार्ड मोजायचे नसतात आणि नऊच का हेही बोलताना कोणी विचारत नाही. विचारतात ते आपल्यासारखे लोक, नंतर घरी येऊन, गुगलवर.

वाक्यात कसा वापरायचा?

मुख्यतः दोन प्रकारे. एक म्हणजे लांबलचक यादी द्यायची आणि शेवटी ‘द होल नाइन यार्ड्स’ म्हणून सोडून द्यायचं, आपण ‘वगैरे वगैरे, सगळं’ म्हणतो तसं. दुसरं म्हणजे ‘गो द होल नाइन यार्ड्स’, म्हणजे एखादी गोष्ट अर्धवट न सोडता शेवटपर्यंत करणं. सुरुवातीचा ‘द’ खायचा नाही, आपल्याकडे तो हमखास खाल्ला जातो. आणि हा बोलण्यातला, घरगुती प्रयोग आहे, त्यामुळे ऑफिसच्या चहाच्या वेळी चालेल, बँकेला कर्जाचा अर्ज लिहिताना नको.

हा वाक्प्रचार आपल्या नऊवारी साडीवरून आलाय ना?

नाही. वाईट वाटतं, पण नाही.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून सविस्तर सांगतो. फॉरवर्डमधे साधारण असं असतं की नऊवारी नेसणं म्हणजे सगळं रीतसर, पूर्ण नेसणं, इंग्रजांनी ते इथे पाहिलं, आणि त्यावरून त्यांच्या भाषेत ‘पूर्ण नऊ यार्ड’ म्हणजे ‘सगळं काही’ असा अर्थ आला. ऐकायला झकास आहे. पण इंग्रजांनी इथून जे शब्द नेले त्यांचा माग सापडतो, लूट, पायजमा, बंगला, शॅम्पू, हे शब्द इथे राहणाऱ्या साहेबांच्या पत्रांत, डायऱ्यांत, सरकारी कागदांत आधी दिसतात आणि मग विलायतेत पोचतात. १८८६ साली अशा शब्दांचा एक जाडजूड कोशच निघाला, ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा, त्यात हा वाक्प्रचार नाही. आणि मुख्य म्हणजे हा प्रयोग ब्रिटिशांचा नाहीच, अमेरिकन आहे. ब्रिटनमधे तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आला. आता पुण्यातली किंवा रत्नागिरीतली साडी लंडनला वळसा घालून थेट अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या एका छोट्या गावातल्या पेपरात कशी पोचली याचं उत्तर कुठलाच फॉरवर्ड देत नाही.

इंडियाना मधेच कुठून आलं?

कारण आत्तापर्यंत सापडलेला सगळ्यात जुना पुरावा तिथला आहे. मिचेल हे दक्षिण इंडियानातलं गाव, तिथे ‘मिचेल कमर्शियल’ नावाचा पेपर निघायचा. मे १९०७ मधे त्यात गावातल्या बेसबॉल मॅचची छोटीशी बातमी आली. गावची नेहमीची टीम विरुद्ध गावातले व्यापारी लोक अशी मॅच होती, आणि बातमीदाराने लिहिलं की व्यापाऱ्यांना जेवढ्या इनिंग झेपतील तेवढ्या खेळवू, पण ‘फुल नाइन यार्ड्स’ची गॅरंटी देता येणार नाही. म्हणजे दुकानदार मंडळी, पोटं सुटलेली, दमून बसणार हे त्याने गृहीतच धरलंय.

इथे एक गंमत आहे. बेसबॉलमधे टीममधे नऊ खेळाडू आणि मॅचच्या इनिंगही नऊ. तेव्हा बातमीदाराने नऊ इनिंगवर कोटी केलीये हे दिसतंच, पण कोटी कळायला वाचकाला मूळ प्रयोग आधी माहीत असायला लागतो, नाहीतर इनिंगमधे यार्ड कुठून आले असं वाटेल. म्हणजे १९०७ ला त्या भागात हे लोकांच्या तोंडात होतं असं मला वाटतं.

पुढच्याच वर्षी, जून १९०८ मधे, त्याच पेपरात परत. या वेळी कोणी रॉस्को नावाचा गडी मासे पकडून आलाय आणि त्याच्याकडे भलीमोठी गोष्ट आहे, पण आम्ही काही ती ऐकत उभे राहणार नाही, एक दिवस कोणीतरी बेसावध माणूस त्याच्या तावडीत सापडेल आणि तो त्याला ‘होल नाइन यार्ड्स’ ऐकवेल, असं लिहिलंय. गावोगावी असा एक रॉस्को असतो. पण बघा, इथे अर्थ थोडा वेगळा आहे. ‘सगळ्या वस्तू’ नाही तर ‘सगळी गोष्ट’, पाल्हाळासकट. आपण म्हणतो ना ‘त्याने लांबण लावली’, तसं. बोलणं लांबीत मोजायची सवय आपल्यालाही आहे, त्यामुळे गोष्टीला यार्ड लावणं मला तरी विचित्र वाटत नाही.

कोणी म्हणतं मुळात नऊ नव्हे, सहा यार्ड होते. हे खरं का?

सहाही होते, हे खरं आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात भारी गोष्ट हीच आहे.

इंडियानाच्या खाली ओहायो नदी ओलांडली की केंटकी राज्य. तिथल्या ‘माउंट व्हर्नन सिग्नल’ नावाच्या पेपरात मे १९१२ मधे एक राजकीय टोमणा छापून आला. त्या वर्षी अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती आणि रिपब्लिकन पक्षात थिओडोर रूझवेल्ट विरुद्ध विल्यम टॅफ्ट असं भांडण जुंपलं होतं, एकेकाळचे जिगरी दोस्त, आता एकमेकांची लफडी चव्हाट्यावर मांडत होते. लिहिणारा डेमोक्रॅट होता, त्याला उकळ्या फुटत होत्या. तो म्हणतो की टेड आणि बिल (म्हणजे रूझवेल्ट आणि टॅफ्ट) भांडले नसते तर त्यांच्या पक्षात एवढा भ्रष्टाचार आहे हे आपल्याला कळलंच नसतं, जरा थांबा, अजून तापू द्या, मग ते ‘होल सिक्स यार्ड्स’ सांगून टाकतील.

सिक्स. सहा.

बरं, छपाईची चूक म्हणावी तर महिनाभराने, जूनमधे, त्याच पेपरात परत आलं. काही दिवस बाहेर होतो म्हणून सगळ्या बातम्या जमवता आल्या नाहीत, पुढच्या अंकात ‘होल सिक्स यार्ड्स’ देतो, असं वाचकांना सांगितलंय. आणि १९२१ मधे साउथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्गच्या पेपरात एका बेसबॉल मॅचच्या सविस्तर वर्णनाला मथळाच दिलाय ‘द होल सिक्स यार्ड्स ऑफ इट’. तीन वेळा, तीन वेगवेगळ्या विषयांवर. म्हणजे त्या काळात काही लोक सहा म्हणत होते, काही नऊ म्हणत होते, अर्थ तोच.

याचा परिणाम काय, तर ‘नऊच का?’ या प्रश्नावर उभारलेली सगळी दुकानं एका फटक्यात बंद. नऊ यार्डांची कुठलीही वस्तू घ्या, साडी किंवा मशीनगनचा पट्टा, जहाज, ट्रक (त्यांच्या गोष्टी पुढे येतातच), ती जर मूळ असेल तर लोक सहा कशाला म्हणतील?

मग सहावारी आणि नऊवारी! दोन्ही आकडे आपलेच की!

हा प्रश्न येणार हे माहीतच होतं.

हो, दोन्ही आकडे आपल्या कपाटात आहेत, आणि जुळणी एवढी बेमालूम आहे की वाचून मलाही दोन मिनिटं मोह झाला होता. पण १९०७ ते १९२१ मधे इंडियाना, केंटकी आणि साउथ कॅरोलायनाच्या खेड्यांत सहावारी-नऊवारीचा भेद माहीत असलेलं कोण होतं? माशांच्या गप्पा मारणारा रॉस्को? आकडे जुळले म्हणून नातं जुळत नाही.

पण नऊवारी म्हणजे नऊ यार्डच ना?

ते बरोबर. वार म्हणजे यार्ड, तीन फूट. नऊ वार म्हणजे २७ फूट, मीटरमधे सांगायचं तर ८.२३. भारतात मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ चा, तेव्हापासून दुकानात हळूहळू सगळं मीटरवर गेलं, पण साडीला कोणी ‘सव्वाआठ मीटरी’ म्हणालेलं ऐकिवात नाही. जुन्या बायका तर नऊवारीही म्हणायच्या नाहीत, लुगडंच म्हणायच्या.

आणि एवढी लांबी का लागते ते नेसताना बघितलं की कळतं. कमरेला गाठ मारायची, निऱ्या घालायच्या, मग मधला भाग पायांमधून मागे घेऊन कासोटा खोचायचा, आणि एवढं करून खांद्यावर पदर उरला पाहिजे, तोही नीट. अर्धा वार कमी पडला तर कासोटा तरी सैल किंवा पदर तरी आखूड. शेतात लावणी करणारी असो नाहीतर कोळीवाड्यातली मासळीवाली, हातपाय मोकळे राहावेत म्हणून ही नेसण आहे, मिरवायला नाही. (आता शिवलेली नऊवारी मिळते, पँटसारखी चढवायची की झालं, त्यात किती वार कापड असतं हे शिवणाऱ्यालाच विचारा.) तमिळ ब्राह्मण बायकांची मडिसारही नऊ यार्डांचीच असते, त्यामुळे साडीचा दावा लावायचाच झाला तर आपण एकटे दावेदार नाही.

दुसऱ्या महायुद्धातल्या मशीनगनच्या गोळ्यांचा पट्टा २७ फूट होता, त्यावरून आलंय असं वाचलंय?

सगळ्यात जास्त छापली गेलेली गोष्ट ही. फायटर विमानातल्या मशीनगनला जो गोळ्यांचा पट्टा असतो तो बरोबर नऊ यार्ड लांब असायचा, पायलटने सगळा पट्टा शत्रूवर रिकामा केला की तो खाली येऊन सांगायचा ‘आय गेव्ह हिम द होल नाइन यार्ड्स’. फिल्मी आहे, म्हणूनच लोकांना आवडते. कोणी म्हणतं विमान ब्रिटिश होतं, कोणी म्हणतं अमेरिकन, कोणी थेट व्हिएतनामच्या हेलिकॉप्टरला नेऊन बसवतं, आणि पट्ट्याची लांबी मात्र सगळीकडे २७ फूटच, जणू सगळ्या कारखान्यांनी मिळून ठरवली होती.

एक तर त्या युद्धावर पायलट लोकांनी ढिगाने आठवणी लिहिल्या, पत्रं लिहिली, रिपोर्ट लिहिले, आणि युद्धकाळात छापलेल्या कशातच हे वाक्य सापडलेलं नाही. दुसरं, १९०७ चा पुरावा. राइट बंधूंचं पहिलं उड्डाण डिसेंबर १९०३ चं. १९०७ ला विमानावर मशीनगन सोडाच, विमानात माणूस टिकून बसला तरी पेपरात बातमी व्हायची.

मग काँक्रीटचा ट्रक? जहाज? फुटबॉल?

काँक्रीटवाली थिअरी अशी की अमेरिकेत मिक्सर ट्रकमधे नऊ क्युबिक यार्ड माल बसतो, सगळा ओतला की होल नाइन यार्ड्स. नऊ क्युबिक यार्ड म्हणजे जवळजवळ सात क्युबिक मीटर, आपल्याकडे साइटवर सहा क्यूबची गाडी म्हणतात त्याहून जरा मोठी. अडचण अशी की अमेरिकेत काही वर्षं साडेचार यार्डांचा मिक्सर हाच स्टँडर्ड होता आणि १९६२ पर्यंत सरासरी वाढून वाढून सव्वासहाच्या आसपास पोचली होती. आणि १९०७ ला असे ट्रक रस्त्यावर नव्हतेच.

जहाजवाली गोष्ट जरा हुशार आहे, कारण तिथे यार्ड म्हणजे लांबीचं माप नाही तर शीड जिला बांधतात ती आडवी काठी. तीन डोलकाठ्या, प्रत्येकीला तीन आडव्या काठ्या, तीन त्रिक नऊ, सगळी शिडं उभारली की होल नाइन यार्ड्स. पण मोठ्या जहाजांना एका डोलकाठीवर तीनपेक्षा जास्तही असायच्या, आणि खलाशांच्या लिखाणात हा प्रयोग दिसत नाही. शिवाय केंटकी आणि समुद्र यांचा काय संबंध?

अमेरिकन फुटबॉलबद्दल तर न बोललेलंच बरं. तिथे चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. नऊ यार्ड म्हणजे थोडक्यात हुकलं!

स्कॉटिश लोक म्हणतात आमच्या किल्टला नऊ यार्ड कापड लागतं, म्हणजे त्यांचीही नऊवारीच समजा, आणि दाव्याची गतही तीच. व्हिएतनाममधल्या डोंगरी जमातींना अमेरिकन सैनिक ‘यार्ड्स’ म्हणायचे, त्यांच्या नऊ जमाती होत्या म्हणून, असंही एक व्हर्जन आहे. तेही १९०७ समोर आपटतं.

पण कापडाचा काहीतरी संबंध असेलच ना? यार्ड तर कापडालाच लावतात.

हा खरा चांगला प्रश्न आहे, आणि याला मी सरळ ‘नाही’ म्हणणार नाही.

१८५५ च्या जानेवारीत इंडियानातल्याच न्यू ऑल्बनी गावच्या पेपरात एक विनोदी किस्सा आला होता, एका न्यायाधीशाच्या भल्यामोठ्या शर्टाचा. साहेबांनी एका बाईला तीन शर्ट होतील एवढं कापड घ्यायला सांगितलं होतं. शर्ट घालून बघतात तर तंबू! तेव्हा ते वैतागून म्हणतात, काय मूर्ख बाई आहे, तीन शर्टांऐवजी तिने ‘द होल नाइन यार्ड्स’ एकाच शर्टात घातले. शब्द अगदी तेच, पण इथे वाक्प्रचार नाहीये, खरोखरचं नऊ यार्ड कापड आहे. तीन शर्ट, नऊ यार्ड, हिशोब बरोबर.

आता या किस्स्यातून वाक्प्रचार निघाला का? मधे पन्नास वर्षं जातात आणि दोघांना जोडणारा एकही धागा हातात नाही, म्हणून सिद्ध झालं असं म्हणता येत नाही. पण माणसं कापड यार्डात मागत होती, ‘सगळे अमुक यार्ड’ असं रोज बोलत होती, आणि मग तेच गप्पांना लावलं, एवढं मानायला मला अडचण वाटत नाही. फक्त यात नऊ यार्डांची कोणती तरी एक खास वस्तू शोधायला जाऊ नका. उद्या कोणी जुन्या पेपरांतून १८९० चा ‘होल थ्री यार्ड्स’ काढला तर मला तरी आश्चर्य वाटणार नाही.

सहाचे नऊ कसे झाले?

फुगले. येल विद्यापीठाच्या लॉ स्कूलचे ग्रंथपाल आणि अवतरणकोशाचे संपादक फ्रेड शापिरो यांचं म्हणणं असं की अशा बोलींमधे आकडा वाढत जातो. त्यांचं उदाहरण ‘क्लाउड नाइन’चं. आनंदात तरंगणाऱ्या माणसाला आज सगळे क्लाउड नाइनवर बसवतात, पण आधी लोक क्लाउड सेव्हनही म्हणायचे. सात काय आणि नऊ काय, ढग कोणी मोजलेत? वाढवून सांगितलं की भारी वाटतं एवढंच.

मात्र १९०७-०८ चे नऊवाले पुरावे १९१२ च्या सहावाल्यांपेक्षा जुने निघाले, त्यामुळे ‘आधी सहा मग नऊ’ असा सरळ जिना आता काढता येत नाही. दोन्ही बरोबरीने चालत होते आणि नऊ जिंकला असं म्हणणं जास्त बरोबर. इंग्रजीला नऊचं वेड आहेच म्हणा, शाळेत आपल्या सगळ्यांकडून घोटून घेतलेलं ‘अ स्टिच इन टाइम सेव्ह्ज नाइन’ आठवा, मांजराचे नऊ जन्म आठवा.

१९२१ नंतर काय झालं? जगभर कसा पसरला?

बराच काळ तो छापील मजकुरात क्वचितच दिसतो. लोक बोलत असणार, पण पेपरात येत नव्हतं. मग १९५६ मधे परत केंटकीतच, तिथल्या शिकार आणि मासेमारीवरच्या मासिकात, एका लेखात ‘होल नाइन यार्ड्स’ उगवतो. परत मासे! १९६२ च्या डिसेंबरमधे ‘कार लाइफ’ मासिकाने शेव्हरोले इम्पालाबद्दल लिहिताना गाडीतल्या सगळ्या एक्स्ट्रा सोयींना ‘ऑल नाइन यार्ड्स ऑफ गुडीज’ म्हटलं. १९६४ मधे अंतराळ मोहिमेवरच्या लोकांची बोली समजावून सांगणारा एक लेख अमेरिकन पेपरांत आला, त्यात अर्थही दिलाय, एखाद्या प्रोजेक्टचा एकेक बाब धरून दिलेला पूर्ण रिपोर्ट. त्याच सुमारास व्हिएतनाममधल्या अमेरिकन हवाई दलात तो फार चालायला लागला आणि तिथून घरोघरी पोचला. मशीनगनची गोष्ट नंतर का चिकटली तेही यातून कळतं, कारण खूप जणांनी तो पहिल्यांदा हवाई दलातल्या माणसाच्याच तोंडून ऐकला.

हे सगळं शोधलं कोणी?

हौशी आणि व्यावसायिक मिळून. अनेक वर्षं १९६० च्या दशकाआधीचा पुरावाच नव्हता, म्हणून कोणीही काहीही ठोकून देत होतं. मग अमेरिकेतले जुने पेपर स्कॅन होऊन ऑनलाइन आले, शब्द टाकून शोधता यायला लागले, आणि बॉनी टेलर-ब्लेक या संशोधिकेने, ज्यांचं मूळ काम मेंदूविज्ञानातलं आहे, आणि शापिरो यांनी एकेक करून जुने उल्लेख बाहेर काढले. आधी १९५६ चा, मग १९१२ चे सहावाले. डिसेंबर २०१२ मधे न्यूयॉर्क टाइम्सने त्यावर बातमी केली. इंडियानाचे १९०७-०८ चे उल्लेख त्यानंतर सापडले. गावातल्या दुकानांच्या जाहिराती आणि कोण कोणाकडे पाहुणा आलाय असल्या बातम्यांच्या गर्दीतून ही एक ओळ शोधायची म्हणजे केवढी चिकाटी पाहिजे! आपल्याकडचे जुने मराठी पेपर असे शब्द टाकून शोधता यायला लागले तर आपल्या किती म्हणींच्या गोष्टी कोसळतील कोणास ठाऊक.

एवढ्या खोट्या गोष्टी तयार का होतात?

आकड्यामुळे. नेमका आकडा दिसला की त्याच्यामागे कारण असणारच असं वाटतं. आणि कधी कधी असतंही. ‘छत्तीसचा आकडा’ घ्या, ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून उभे, देवनागरीत लिहून बघा, कारण डोळ्यांना दिसतं. ‘सोळा आणे खरं’ घ्या, रुपयात सोळा आणे होते, विषय संपला.

पण ‘सतराशे साठ भानगडी’? ‘छप्पन्न वेळा सांगितलं’? छप्पन्न वेळा कोणी मोजून सांगत नाही. आता गंमत बघा, एका मैलात बरोबर १७६० यार्ड असतात. म्हणजे मी आत्ता असं ठोकून देऊ शकतो की ब्रिटिशांच्या काळात रस्ता मोजणारे कारकून मैलामागे सतराशे साठ यार्ड मोजून वैतागायचे आणि त्यावरून आपल्याकडे ‘सतराशे साठ कटकटी’ असं म्हणायला लागले. उद्या सकाळी हे ग्रुपवर टाकलं तर दुपारपर्यंत ते माझ्याकडेच तीन ठिकाणांहून परत येईल, खाली ‘आपल्या भाषेचा अभिमान असेल तर पुढे पाठवा’ लिहून. पुरावा शून्य. मी हे आत्ता लिहिता लिहिता तयार केलं, आकडा तेवढा खरा आहे. (कृपया पुढे पाठवू नका.)

मराठीत याला काय म्हणायचं?

प्रसंग बघून. समारंभ असेल तर साग्रसंगीत किंवा यथासांग. गोष्ट सांगायची असेल तर अथपासून इतिपर्यंत, साद्यंत. सामानसुमान, माणसं वगैरे असेल तर सगळा लवाजमा. घरातले सगळे आले म्हणायचं असेल तर ‘झाडून सगळे आले’. भाषांतर करणाऱ्यांनी ‘संपूर्ण नऊ यार्ड’ असं लिहू नये ही हात जोडून विनंती, सबटायटलमधे हे वाचलंय आणि अजून विसरलेलो नाही.

‘होल शेबँग’, ‘होल हॉग’, ‘होल एनचिलाडा’ हे सगळं एकच का?

अर्थाने जवळपास एकच. ‘गो द होल हॉग’ ब्रिटनमधेही चालतं, बाकीचे जास्त अमेरिकन. एनचिलाडा हा मेक्सिकन खाद्यपदार्थ आहे, तो न खाताही वाक्प्रचार वापरता येतो.

नऊवारीवरच्या इंग्रजी लेखाला हा मथळा देऊ का?

द्या की! कोटी म्हणून मस्तच आहे, गुढीपाडव्याच्या शोभायात्रेतल्या बुलेटवाल्या बायकांच्या फोटोखाली तर फिट बसतो. इंग्रजी पेपर आणि साडीवाले हे करतातच, त्यामुळे तुम्ही पहिले असाल असं मात्र समजू नका. फक्त मथळ्याखाली ‘हा वाक्प्रचार मूळ आपलाच’ असं लिहू नका.

अमेरिकेत असते, ऑफिसच्या दिवाळी पार्टीत नऊवारी नेसून जाणारे आणि कोणीतरी हे विचारणारच. काय सांगू?

खरं ते सांगा, आणि खरं जास्त मजेदार आहे. नऊवारी ही नऊ यार्डांची, वाक्प्रचार तुमच्याच इंडियाना-केंटकीकडचा, शंभर वर्षांपूर्वी काही जण सहा यार्डही म्हणायचे, आणि हो, आमच्याकडे सहा यार्डांचीही साडी असते, पण ती काष्टा न घालता नेसतात. इथपर्यंत सांगून होईस्तोवर कोणीतरी कासोटा कसा खोचलाय ते विचारेलच. पिना जास्तीच्या न्या.

चुकून ‘टेन यार्ड्स’ म्हणालो तर?

लोक हसतील, समजून घेतील. नऊच म्हणा.